रस्टची स्ट्रिंग : मराठी मजकूर हाताळणाऱ्याच्या नजरेतून

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची परीक्षणे बहुधा वेग आणि मेमरीची सुरक्षितता या दोन मुद्द्यांभोवती फिरतात. प्रस्तुत परीक्षण मात्र तिच्या एकाच भागाचे आहे, आणि तो भाग म्हणजे मजकूर साठवण्यासाठी व हाताळण्यासाठी भाषेने दिलेला स्ट्रिंग हा प्रकार, त्याच्यासोबत येणारी मानक लायब्ररी आणि ती अपुरी पडेल तेथे वापरावी लागणारी बाहेरची काही क्रेट्स, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेली, प्रोग्रामला जोडता येणारी कोडची पॅकेजेस. परीक्षकाची पार्श्वभूमीही सांगितलेली बरी. माझे काम ग्रंथालयांच्या मराठी सूचींचे आहे. शीर्षके आणि लेखकांची नावे शोधता यावीत, वर्णक्रमाने लागावीत, पुस्तकाच्या कण्यावर चिकटवायच्या लेबलात मावावीत आणि पुस्तक परत करण्याची आठवण देणाऱ्या एसेमेसमध्ये बसावीत, एवढेच त्याचे स्वरूप. ज्या मजकुरात इंग्रजीखेरीज काही येतच नाही, त्याच्यासाठी कोणतीही भाषा चालते. कस लागतो तो जोडाक्षरांपाशी.

रस्टच्या स्ट्रिंगचे मूळ वचन एका वाक्यात सांगता येते : तिच्या पोटात जे बाइट असतील ते नेहमी वैध यूटीएफ-८ असतील. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली घडवलेल्या या संकेतपद्धतीत प्रत्येक चिन्हाची रुंदी सारखी नसते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, ग्रीक किंवा रशियन अक्षराला दोन, देवनागरीला तीन आणि बहुतेक इमोजींना चार. पहिल्याच बाइटवरून चिन्हाची रुंदी कळते आणि पुढचे बाइट १२८ ते १९१ याच टापूतले असतात, त्यामुळे प्रवाहात कोठेही उडी मारली तरी चिन्हाची सुरुवात शोधण्यासाठी तीनपेक्षा जास्त बाइट मागे सरकावे लागत नाही. देवनागरीच्या मुख्य पट्ट्यातील प्रत्येक चिन्ह २२४ या बाइटने सुरू होते आणि त्याच्यामागे १६४ किंवा १६५ येतो. हेच बाइट चुकीच्या, म्हणजे जुन्या पाश्चात्त्य संकेताने वाचले गेले, की डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' आणि त्याच्या शेजारी चलनाचे किंवा येनचे चिन्ह अशी नक्षी पडद्यावर उमटते. मराठी संकेतस्थळांवर आणि एक्सेलमध्ये उघडलेल्या फायलींत ती पाहिली नाही असा वाचक विरळा.

रस्टमध्ये ही नक्षी सहजासहजी तयार होत नाही, कारण बाहेरून आलेले बाइट स्ट्रिंगमध्ये घ्यायचे तर ते तपासल्याखेरीज सरळ मार्ग नाही. 'फ्रॉम यूटीएफ-८' हे फंक्शन यश किंवा त्रुटी यांपैकी एक परत करते आणि प्रोग्रामरला दोन्ही शक्यतांचा विचार करावा लागतो. बिघडलेला मजकूर तसाच रेटायचा असेल, तर नावातच 'लॉसी' असे लिहिलेले दुसरे फंक्शन आहे, जे बिघडलेल्या जागी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह घालते. तपासणी टाळण्याचा तिसरा मार्गही आहे, पण तो 'अनसेफ' या शब्दाखाली ठेवलेला आहे आणि कोड वाचणाऱ्याच्या तो चटकन डोळ्यांत भरतो. जी जोखीम पत्करायची ती नाव घेऊन पत्करा, असा हा कारभार आहे आणि मला तो पसंत आहे.

आता मोजदादीकडे वळू, कारण बदलत्या रुंदीच्या संकेताची खरी परीक्षा तेथे होते. 'महाराष्ट्र' हा शब्द घेऊ. वाचणाऱ्याच्या लेखी त्यात म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे आहेत. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक चिन्ह-तक्त्याच्या लेखी त्यात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे दहा कोड पॉइंट, म्हणजे त्या तक्त्यातली क्रमांकित चिन्हे, आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे तीस बाइट होतात. रस्टमध्ये 'लेन' विचारले की उत्तर येते तीस. 'चार्स' या क्रमाने चालत जाऊन मोजले तर दहा. चार हे उत्तर हवे असेल तर मानक लायब्ररी हात वर करते आणि 'युनिकोड-सेगमेंटेशन' हे क्रेट जोडावे लागते, जे मजकुराचे वाचकाला जाणवणारे तुकडे, म्हणजे ग्राफीम क्लस्टर, काढून देते. नवशिक्याला 'लेन'चे तीस हे उत्तर चक्रावून टाकते आणि तक्रारीही त्यावरच जास्त ऐकू येतात. माझे मत उलट आहे. तीन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरे वेगळी आहेत, आणि रोजच्या कामात मला तिन्ही लागतात. डेटाबेसच्या ज्या रकान्याची मर्यादा ४००० बाइट अशी ठरलेली आहे, त्यात देवनागरीचे १३३३ कोड पॉइंटच मावतात, आणि तेथे बाइटांची मोजणीच उपयोगी पडते. लेबलासाठी क्लस्टर हवेत. एसेमेससाठी तर चौथाच हिशेब लागतो : इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, पण देवनागरीचे एक अक्षर जरी आले तरी मर्यादा ७० सोळा-बिटी एककांवर येते आणि संदेशाचे भाग पाडावे लागले तर प्रत्येक भागात ६७. अशा सोळा-बिटी एककांत मजकूर मांडणाऱ्या संकेतपद्धतीचे नाव यूटीएफ-१६, आणि तिच्यासाठी मानक लायब्ररीतच 'एन्कोड यूटीएफ-१६' आहे. त्याच्या एककांची संख्या मोजली की काम झाले.

'मजकुरातील तिसरे अक्षर द्या' अशा अर्थाची चौकटी कंसातली साधी मागणी रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन, मान्यच करत नाही. प्रोग्राम तयार होण्याआधीच तो थांबवतो. इतर भाषांतून आलेल्यांना हा अडेलतट्टूपणा वाटतो. पण 'महाराष्ट्र'मधली तिसरी वस्तू म्हणजे काय, 'म'चा तिसरा बाइट, नुसता काना की 'रा', हे ठरल्याशिवाय त्या मागणीला अर्थच नाही, आणि बाहेरच्या कोणीतरी परस्पर ठरवण्यापेक्षा ते मला विचारले जाणे मी केव्हाही पत्करीन.

येथपर्यंत कौतुक. पण याच ठिकाणी रस्टच्या स्ट्रिंगमधला माझ्या मते सर्वांत गंभीर दोष आहे. एकेक घटक मागण्यास मनाई करणारा कंपायलर, बाइटांच्या हद्दी देऊन तुकडा मागितला तर मात्र विनातक्रार परवानगी देतो. 'महाराष्ट्र'चे पहिले वीस बाइट मागितले तर कोड तयार होतो, चालतो आणि चालता चालता कोसळतो. कारण विसावी हद्द ज्या चिन्हाच्या आत पडते ते अठरा ते एकवीस या बाइटांत बसलेले, 'ष'चा पाय मोडणारे हलन्त आहे. त्रुटीचा संदेश त्या मानाने उत्तम असतो : हद्द कोणती, ती कोणत्या चिन्हाच्या आत पडली, त्या चिन्हाचे बाइट कोठून कोठपर्यंत आणि मूळ मजकूर कोणता, हे सारे तो सांगतो. फक्त हलन्त एकटे उभे राहू शकत नसल्यामुळे संदेशात ते चिन्हाऐवजी सांकेतिक क्रमांकाने छापले जाते, आणि तो क्रमांक पाठ नसलेल्याला क्षणभर काही बोध होत नाही.

हा दोष गंभीर अशासाठी, की इंग्रजी मजकुरावर तो कधीच प्रकट होत नाही. इंग्रजी अक्षराचा बाइट एकच असल्यामुळे हद्द कोठेही पडली तरी ती दोन अक्षरांच्या मधेच पडते. चाचण्यांमधली नावे इंग्रजी असली की सगळ्या चाचण्या हिरव्या राहतात, आणि प्रोग्राम कोसळतो तो मराठी वापरकर्त्याच्या हातात. सूचीच्या एका कामात बाहेरून घेतलेला एक लहान घटक शीर्षके ऐंशी बाइटांवर छाटत असे. पुढे तीन ठिपके जोडून यादी नीटस दिसावी, एवढाच त्याचा हेतू. इंग्रजी शीर्षकांवर तो बिनबोभाट चालला, आणि मराठी शीर्षकांवर ऐंशीला तिनाने भाग जात नसल्यामुळे, मधे मोकळ्या जागा नेमक्या सोयीच्या पडल्या तरच वाचत असे. 'गेट' या पद्धतीने तुकडा मागितला तर कोसळण्याऐवजी 'काही नाही' असे उत्तर मिळते आणि पुढे काय करायचे ते ठरवता येते. माझ्या मते चौकटी कंसांची सोयीची लिपी ही सुरक्षित पद्धतीसाठी राखून ठेवायला हवी होती आणि कोसळणाऱ्या पद्धतीला लांबलचक नाव द्यायला हवे होते. ज्या भाषेने इतर सर्वत्र धोक्याला ठळक नाव देण्याचा परिपाठ ठेवला, तिने नेमका येथे तो मोडला आहे.

अलीकडच्या आवृत्त्यांत दिलेल्या हद्दीच्या अलीकडची जवळची वैध हद्द काढून देणारे फंक्शन मानक लायब्ररीत आले आहे. त्याने कोसळणे टळते, पण छाटणी मराठीत शोभेलशी होतेच असे नाही. वीस दिल्यावर ते अठरा परत करते आणि हाती 'महाराष' उरते. एकवीस दिले तर 'महाराष्', म्हणजे पाय मोडून अधांतरी सोडलेला 'ष'. चोवीस दिले तर 'महाराष्ट'. यांतील प्रत्येक तुकडा यूटीएफ-८ म्हणून निर्दोष आहे आणि मराठी म्हणून सदोष. लेबलावर चालेल असा तुकडा म्हणजे पंधरा बाइटांचा 'महारा', आणि तो क्लस्टरच्या हद्दी पाहिल्याखेरीज निघत नाही. संकेत वैध असणे आणि लेखन शुद्ध असणे यांतले हे अंतर कोणतीही संकेतपद्धत भरून काढू शकत नाही. रस्टच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की दोन्ही बाबी एकच आहेत असा आभास ती निर्माण करत नाही.

फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचताना मात्र या लायब्ररीची रचना किती विचारपूर्वक झाली आहे ते दिसते. समजा, ८१९२ बाइटांचा एकेक घास घेत मोठी फाइल वाचायची आहे. सलग देवनागरी असेल तर पहिल्या घासात २७३० चिन्हे पूर्ण येतात आणि दोन बाइट उरतात. तिसरा पुढच्या घासात असतो. तपासणी अर्थातच त्रुटी देते. पण त्या त्रुटीला दोन प्रश्न विचारता येतात : कोठपर्यंतचा मजकूर वैध आहे, आणि बिघाड किती बाइटांचा आहे. दुसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' असे उत्तर आले तर त्याचा अर्थ मजकूर बिघडलेला नसून फक्त अर्धवट आहे, पुढचा घास येऊ द्या, असा होतो. एखादी संख्या आली तर ते बाइट खरोखरच खराब आहेत. हा एवढासा फरक ज्या लायब्ररी सांगत नाहीत, त्यांच्यावर बांधलेल्या प्रोग्रामांत दर आठ किलोबाइटांनी एखादे अक्षर प्रश्नचिन्हात बदललेले आढळते आणि कारण शोधताना नाकी नऊ येतात. ओळीओळीने वाचायचे असेल तर एवढाही खटाटोप नाही, कारण नव्या ओळीचा बाइट कोणत्याही रुंद चिन्हाच्या आत येऊच शकत नाही.

तुलनेसाठी इतर भाषांवर एक धावती नजर टाकतो. जावा आणि जावास्क्रिप्ट यांचे मोजमाप यूटीएफ-१६ च्या एककांत आहे. 'महाराष्ट्र' दहा येतो, त्यामुळे देवनागरीवर काम करणाऱ्याला सारे आलबेल वाटते आणि पहिला इमोजी दोन मोजला गेल्यावर जाग येते. पायथनने २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून मजकुरातील सर्वांत मोठ्या चिन्हानुसार सगळ्या मजकुराला एक, दोन किंवा चार बाइटांची समान रुंदी देण्याचा मार्ग पत्करला आहे. त्याने हवा तो कोड पॉइंट झटकन मिळतो, पण मराठी लेखात एक इमोजी आला की अख्ख्या लेखाची जागा दुप्पट होते. 'गो' या भाषेची स्ट्रिंग यूटीएफ-८ धरून चालते पण तशी हमी देत नाही, आणि चुकीच्या जागी तुकडा पाडला तर चकार शब्द काढत नाही. रस्टचे कोसळणे त्यापेक्षा परवडले. स्विफ्टमध्ये मूळ एककच क्लस्टर आहे आणि ललित मजकुराच्या कामाला ते सर्वांत जवळचे वाटते, मात्र बाइटांशी थेट संबंध आला की तेथे वळसा घ्यावा लागतो. जागेचा हिशेब काटेकोर करायचा तर शुद्ध मराठी मजकुराला यूटीएफ-८ मध्ये यूटीएफ-१६ च्या दीडपट जागा लागते हे खरे आहे, पण आमच्या सूचीत रकान्यांची नावे, आकडे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा इतक्या असतात की प्रत्यक्षातली तफावत त्याहून पुष्कळ कमी भरते.

क्लस्टरच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. रस्टच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकात स्ट्रिंग समजावण्यासाठी 'नमस्ते' हा देवनागरी शब्दच घेतला आहे, ही आपल्यासाठी आनंदाची बाब. अठरा बाइट, सहा कोड पॉइंट आणि न, म, स्, ते असे चार तुकडे, असे ते पुस्तक दाखवते. आपण बाराखडी शिकलेली माणसे 'नमस्ते' हा शब्द तीन अक्षरी म्हणून मोजतो. युनिकोडच्या जुन्या नियमांत हलन्तानंतर तुकडा पडत असे, आणि त्या नियमांनुसार पुस्तकातले चार बरोबरच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने नियम बदलला. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांत हलन्ताने जोडलेली व्यंजने आता एकाच क्लस्टरमध्ये राहतात. त्यामुळे नव्या तक्त्यांवर चालणाऱ्या क्रेटमध्ये 'नमस्ते' तीन आणि 'महाराष्ट्र' चार येतो. जुन्या तक्त्यांवर तोच 'महाराष्ट्र' म, हा, रा, ष्, ट्, र असा सहा येत असे. ग्राफीमची सोय रस्टच्या १.० आवृत्तीपूर्वी मानक लायब्ररीत होती आणि ती बाहेरच्या क्रेटमध्ये हलवली गेली. त्या वेळी अनेकांना ते खटकले, पण मराठीपुरते बोलायचे तर झाले ते बरेच झाले. भाषेची आवृत्ती न बदलता केवळ क्रेट अद्ययावत करून आम्हाला नवा नियम मिळाला.

यापुढे मानक लायब्ररीच्या मर्यादा सुरू होतात, आणि मराठीच्या बाबतीत त्या बारीकसारीक नाहीत. दोन स्ट्रिंग समान आहेत का, हे रस्ट बाइटांवरून ठरवते. 'तऱ्हा' हा शब्द तीन प्रकारे टंकलेला सापडतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि 'ह' असतो. त्याचे पंधरा बाइट. दुसऱ्यात साधा 'र', त्याखाली नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, आणि मग हलन्त असतो, त्याचे अठरा. तिसऱ्यात, आणि हा प्रकार जुन्या मजकुरात आढळतो, 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते, त्याचेही अठरा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, आणि शोधयंत्राच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. 'युनिकोड-नॉर्मलायझेशन' हे क्रेट पहिले दोन एकरूप करते. तिसरा मात्र कोणत्याच प्रमाणित रूपात पहिल्याशी जुळत नाही. त्याचा नियम आपला आपणच लिहावा लागतो. 'ॲ'चीही कथा तशीच आहे. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतंत्र स्थान आहे, परंतु त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला मजकूर त्याच्याशी आपोआप जुळत नाही. गंमत अशी, की २०२१ च्या जूनमध्ये आलेल्या १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात आणि त्या नावांची विविध रूपे कंपायलर स्वतः प्रमाणित करून घेतो. जी काळजी प्रोग्रामरच्या नावांची घेतली, ती त्याच्या मजकुराची घेण्यासाठी मात्र बाहेरचे क्रेट लागते.

त्याहून फसवी आहे ती 'अल्फाबेटिक' ही कसोटी. शीर्षकातून विरामचिन्हे काढून टाकण्यासाठी 'जे अक्षर किंवा अंक आहे तेवढेच ठेवा' अशी ओळ कोणीही सहज लिहितो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षर-गुणधर्माची मानली आहेत, पण हलन्त आणि नुक्ता नाहीत. परिणामी ती एक निरुपद्रवी ओळ 'महाराष्ट्र'चा 'महाराषटर' करून ठेवते. दोष युनिकोडच्या तक्त्याचा आहे, रस्टचा नाही, हे मान्य. पण त्या फंक्शनच्या माहितीत भारतीय लिप्यांसाठी दोन ओळींची सूचना असायला हरकत नव्हती. अंकांचेही तेच. 'न्यूमेरिक' आहे का असे विचारले तर '१' या चिन्हासाठी होकार मिळतो, पण '१२' या मजकुराची संख्या करायला सांगितली तर त्रुटी, कारण संख्येचे रूपांतर फक्त इंग्रजी अंकांवर चालते. जुन्या सूचींतील प्रकाशनवर्षे देवनागरी अंकांत असतात, त्यामुळे रूपांतराचा लहानसा तक्ता प्रत्येक प्रकल्पात ठेवावा लागतो. छापताना रकान्याची रुंदी ठरवून मोकळ्या जागा भरण्याची सोय कोड पॉइंट मोजते, आणि हलन्त किंवा मात्रेलाही एक घर धरते. टर्मिनलवर मराठी नावांची यादी काढली की उजवी कड दात पडल्यासारखी दिसते.

वर्णक्रम हा तर ग्रंथालयाचा प्राण. रस्टचे 'सॉर्ट' बाइटांच्या क्रमाने लावते, आणि यूटीएफ-८ च्या रचनेमुळे तो क्रम कोड पॉइंटच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो, जे यूटीएफ-१६ बाबत नेहमी खरे नसते. मात्र कोड पॉइंटचा क्रम म्हणजे मराठी वर्णमाला नव्हे. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसला आहे. आपल्याकडे तो 'ह'नंतर येतो आणि त्याच्यापाठोपाठ क्ष, ज्ञ. शिवाय जोडाक्षराने सुरू होणारे 'क्ष' बाइटांच्या क्रमात 'क'च्या घरात जाऊन पडते. यासाठी युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली रस्टमध्येच लिहिलेला 'आयसीयू-४-एक्स' हा संच आहे आणि त्यात भाषेनुसार वर्णक्रम लावण्याचा भाग मिळतो. तो वापरण्यास थोडा अवघड आहे, त्याची माहिती ठिकठिकाणी विखुरलेली आहे आणि त्याच्यामुळे प्रोग्रामचा आकार वाढतो, पण ज्यांच्या याद्या माणसे वाचणार आहेत त्यांनी तो टाळू नये.

जुन्या फायलींबद्दल थोडक्यात. फायरफॉक्ससाठी तयार झालेले 'एन्कोडिंग-आरएस' हे क्रेट वेबवर चालणाऱ्या जुन्या संकेतपद्धती सफाईने यूटीएफ-८ मध्ये आणते, पण वेबच्या त्या यादीत इस्की ही भारतीय लिप्यांची जुनी संकेतपद्धत नाही, आणि फॉन्टच्या जोरावर देवनागरी दाखवणाऱ्या फायली तर कोणत्याच यादीत नसतात. ते रूपांतर स्वतःच लिहावे लागेल. फायलींच्या नावांसाठी रस्टने स्ट्रिंगहून वेगळा प्रकार ठेवला आहे, कारण कार्यप्रणाली त्या नावांच्या वैधतेची हमी देत नाही. सुरुवातीला त्याचा कंटाळा येतो, पण पेन ड्राइव्हवरून आलेल्या चित्रविचित्र नावांच्या फायलींवर प्रोग्राम न अडखळता चालतो तेव्हा त्याची किंमत कळते.

रस्ट विनामूल्य आहे, तिचा परवाना उदार आहे आणि वर उल्लेखलेली सारी क्रेट्स कार्गो या रस्टसोबत येणाऱ्या साधनाच्या एकेका ओळीने जोडता येतात. एखाद्याला शंभर-दोनशे फायलींतली नावे एकदाच दुरुस्त करायची असतील, तर त्याने रस्ट शिकण्याच्या भानगडीत पडू नये. पायथन त्याला पुरून उरेल. ज्याच्या प्रोग्राममधून रोज हजारो मराठी नोंदी जातात आणि बिघाड झाला तर तो रात्री दोन वाजता कोणाला तरी निस्तरावा लागतो, त्याला मी ही स्ट्रिंग नि:संकोच सुचवीन, दोन अटींवर. चाचण्यांतला मजकूर पहिल्या दिवसापासून देवनागरी असावा, आणि त्यात जोडाक्षरे, 'ऱ', 'ॲ' आणि एखादा इमोजी असावा. दुसरी अट क्लस्टरच्या क्रेटची : युनिकोडचे तक्ते बदलले की एकाच शब्दाची मोजदाद बदलते, म्हणून क्लस्टरची संख्या डेटाबेसात साठवून ठेवू नये, दर वेळी मजकुरावरून नव्याने काढावी, आणि क्रेटची आवृत्ती वाढवण्याआधी लेबलांचा एक नमुना-गठ्ठा छापून पाहावा.